पिकअप झटके मारायलीय? ड्रिपर बंद आहे का मेन लाइन, ते आधी बघा

सध्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विषय काही संपत नाही, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि गाड्या झटके मारायला लागल्या. मोटरसायकलवाल्यांचं म्हणणं खरं का खोटं या वादात मी पडत नाही, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून निघतंय त्यामुळं बोलायचीही पंचाईत. पण परवा एकजण म्हणला, "भाऊ, माझी पिकअप बी घाटात हिसके मारायलीय, इथेनॉलचंच काम दिसतंय." आता त्याची पिकअप डिझेलवर चालती. ई-२० हे पेट्रोलचं प्रकरण आहे, डिझेलच्या टाकीशी त्याचा संबंध नाही. मग त्याची गाडी झटके का मारायलीय? हे त्याला समजावता समजावता चहा दोनदा झाला, म्हणून म्हणलं सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण मराठवाड्यात प्रत्येक गावात पाच-दहा पिकअप आहेत आणि झटके सुरू झाले की बहुतेकांना पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते म्हणजे "इंजेक्टर गेले", म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल खराब झाले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये तसलं काही नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे सगळ्यांनी हाताला अनुभवलंय, कारण हवा दाबली की तापती. डिझेल इंजिन तेच करतं पण लई जोरात, सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि ती ५०० अंशाच्या वर तापती, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे लागतात तीन गोष्टी, पुरेशी हवा, ती नीट दाबली जाणं आणि बरोबर वेळेला बरोबर मापाचा फवारा. झटक्याचं कारण बहुतेक वेळा या तिन्हीतच कुठंतरी सापडतं.

काही डिझेल गाड्यांना ग्लो प्लग असतात, पण ते थंडीत सकाळी स्टार्ट व्हायला मदत करणारे हीटर. गरम झालेली गाडी घाटात झटके मारत असेल आणि कुणी "प्लग बदलू" म्हणलं तर तिथून चहा न पिता निघा.

आता हा फवारा येतो कुठून? आजकालच्या पिकअपमध्ये कॉमन रेल असतं. एक पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो, त्या नळीला रेल म्हणायचं, आणि तिथून चार इंजेक्टरला चार पाइप जातात. इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. रेलमधला दाब गाडी नुसती उभी चालू असताना २५०-३०० बारच्या घरात आणि लोडला १६०० बार किंवा त्याच्याही वर जातो. अंदाज यावा म्हणून सांगतो, मागच्या टायरात ६० पीएसआय हवा भरली तर ती होती जेमतेम ४ बार.

मिसिंग वेगळं, झटके वेगळे

हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं, आणि यासाठी आपल्याकडं ठिबकपेक्षा चांगलं उदाहरण नाही. शेतात एक ड्रिपर बंद पडला तर एकच झाड सुकतं, बाकीची रांग हिरवीगार. पण फिल्टर चोंदला किंवा मेन लाइनला प्रेशर नसलं तर सगळी रांग अर्धवट भिजती, आणि शेवटच्या झाडापर्यंत तर पाणी पोचतच नाही.

गाडीचंही तसंच. एकच सिलिंडर नीट पेटत नसेल तर त्याला मिसिंग म्हणायचं. ते तालात असतं. गाडी उभी चालू ठेवली की इंजिन थडथड हलतं, सायलेन्सरला कान दिला तर भक-भक-भक-फुस, भक-भक-भक-फुस असा एक ठोका गळालेला ऐकू येतो. हिशोब बघा, इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल तर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतं, म्हणजे एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, आणि तेच गळालं तर सेकंदाला सहा-सात हिसके. म्हणून सीट, स्टेअरिंग, आरसा सगळंच थरथरतं.

झटके म्हणजे वेगळं. उभी असताना गाडी गुपचूप, रिकामी असताना सपाटीला शहाणी, आणि माल भरून चढ लागला, रेस दाबली की मान हलवल्यासारखी पुढं-मागं करायला लागती. यात ताल नसतो. इथं चारही सिलिंडर एकदम उपाशी राहतात आणि एकदम जेवतात. चारही ड्रिपर एकाच दिवशी खराब होतील का? होऊ शकतात, पण शहाणा माणूस आधी फिल्टर बघतो.

दोन्हीची सरमिसळ पण होते, ते पुढं येईल.

माझ्या गाडीचं काय झालं होतं

पावसाळ्याच्या तोंडावर बीडहून खताची ३० पोती भरून केजकडं निघालो होतो, म्हणजे दीड टन माल. मांजरसुंब्याच्या घाटाला दुसऱ्या गिअरवर रेस दिली आणि गाडीनं जो हिसका मारला, शेजारी बसलेल्या पोराच्या हातातला मोबाईल खाली. रेस सोडली की ठीक, दाबली की परत. कसंबसं वर चढलो, वर सपाटीला आलो तर गाडी जशी काही झालंच नाही अशी.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवर नेली. त्यानं बॉनेट उघडून, दोनदा रेस देऊन, न काही लावता न काही खोलता सांगितलं, चारही इंजेक्टर गेले. जो आकडा सांगितला तो बारा क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर घातल्याशिवाय हातात येणारा नव्हता. मी म्हणलं, विचार करून सांगतो.

मग लातूरला एका जुन्या पंप-नोझलवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "सपाटीला मारती का? रिकामी मारती का? सकाळी स्टार्ट व्हायला टाइम घेती का?" तिसऱ्या प्रश्नाला मी थबकलो, कारण महिनाभरापासून सकाळी सेल्फ जास्त मारावा लागत होता आणि मी ते बॅटरीवर ढकलत होतो. काका म्हणले, "रातभर उभी राह्यली की डिझेल मागं टाकीत पळायलंय. हवा धरायलीय तुझी गाडी."

त्यांनी पंपाच्या आधीच्या रबरी पाइपात हातभर पारदर्शक नळी जोडली आणि मला रेस द्यायला लावली. सोड्याची बाटली फोडल्यावर जसे बुडबुडे पळतात तसे त्या नळीतून बुडबुडे पळायला लागले. मग ते गाडीखाली शिरले आणि चेसीवरून पाइप जिथं वळतो तिथं बोट फिरवून मला पण बोट लावायला लावलं, पाइपाच्या खालच्या बाजूला, पट्टीला घासून घासून, नखानं ओढल्यासारखी एक बारीक चीर. बाहेरून कोरडी ठणठणीत. डिझेलचा एक थेंब नाही. नवीन पाइप, दोन क्लिपा, हातपंपानं हवा काढली, खर्च डीएपीच्या एका पोत्यापेक्षा कमी. त्याच घाटातून त्याच आठवड्यात परत माल घेऊन गेलो, एक हिसका नाही.

चीर होती तर डिझेल गळलं का नाही?

हाच प्रश्न मी काकांना विचारला होता. विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार आठवा. सक्शन पाइपाला, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बाजूला भोक पडलं तर तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाती, मोटार नुसती फिरती आणि पाणी टाकत नाही. फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर रात्री पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि सकाळी मोटार भरून घ्यावी लागती. बऱ्याच पिकअपमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची लाइन अशीच ओढणारी असती, त्यामुळं गळती डोळ्याला दिसत नाही. ज्या गाड्यांत टाकीच्या आतच इलेक्ट्रिक पंप असतो तिथं लाइन दाबाखाली असती, तिथं मात्र चिरेतून डिझेल टपकतं. आपली गाडी कुठल्या जातीची हे मेकॅनिकला विचारून ठेवा.

आणि झटके फक्त चढाला का? कारण उभ्या गाडीला डिझेल लागतंय किती, घोटभर. तेवढं हवा मिसळून पण पुरतं. चढाला माल ओढताना पंपाला भरपूर डिझेल पाहिजे, तिथं बुडबुडा आला की रेलचा दाब कोसळतो, ताकद जाती, मग दाब परत भरतो, परत ताकद येती, की लगेच परत बुडबुडा. हे जे चालू-बंद चालू-बंद, तेच तुम्हाला सीटवर हिसका म्हणून जाणवतं.

चोंदलेला डिझेल फिल्टर पण हुबेहूब असाच वागतो, आणि तो बदलणं सगळ्यात स्वस्त, त्यामुळं सुरुवात तिथूनच. मागचा फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलायची वेळ झालीय असं समजा.

फिल्टरच्या खाली पाणी काढायची चावी किंवा स्क्रू असतो. इंजिन बंद करून तिथून अर्धी बाटली डिझेल स्वच्छ पारदर्शक बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं, मध्ये सरळ रेघ दिसती. काळपट शेवाळासारखं बुळबुळीत काही दिसलं तर टाकीच्या तळाला पाणी साचून त्यावर जंतू वाढलेत, मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागती. पावसाळ्यात टाकी कायम पाव भरलेली ठेवायची सवय, आणि उघड्या कॅनमधलं डिझेल ओतायची सवय, दोन्हीचा हिशोब या बाटलीत दिसतो.

एक पाइपच तर आहे, माल टाकून मग बघू की

असं करू नका, आणि हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतोय. या पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. हवा किंवा पाणी जात राहिलं की पंप कोरडा घासतो, त्याचा बारीक लोखंडी कीस सुटतो आणि तोच कीस केसापेक्षा फार जाड नसलेल्या इंजेक्टरच्या भोकांपर्यंत जातो. म्हणजे ज्या इंजेक्टरचं नाव पहिल्या दिवशी उगाच घेतलं होतं ते सहा महिन्यांनी खरंच जातात.

मग खरंच एकच सिलिंडर मिस करत असेल तर?

जुन्या, कॉमन रेल नसलेल्या इंजिनात मिस्त्री पान्यानं एकेका नोझलचा नट सैल करायचे. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज पडायचा, आणि ज्याचा सैल करून काही फरक पडला नाही तेच मिसिंग सिलिंडर. सोपी युक्ती, पण कॉमन रेल गाडीत हे चालू इंजिनवर अजिबात करायचं नाही. त्या दाबाला डिझेलची धार इंजेक्शनच्या सुईसारखी कातडीतून आत शिरती. वरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखत पण नाही फार, पण आतमध्ये मांस सडायला लागतं, तासाभरात मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि डॉक्टरला "हाय प्रेशर डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते पण मलम लावून घरी पाठवतील. गळती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची, आणि ती पण अनुभवी माणसानं.

नवीन गाडीत हेच काम स्कॅनर करतो, म्हणजे ईसीयूला जोडून त्यातले आकडे वाचायचं यंत्र. त्यात एकेक इंजेक्टर थोडा वेळ बंद करून बघता येतो. शिवाय करेक्शन व्हॅल्यू नावाची गोष्ट दिसती. ईसीयू प्रत्येक सिलिंडर पेटल्यावर इंजिनचा वेग किती वाढला हे मोजत असतो, आणि जे सिलिंडर कमी पडतंय त्याला चमचाभर जास्त डिझेल वाढतो, जे जास्त जोर करतंय त्याचं कमी करतो. चारही आकडे शून्याच्या आसपास असले तर इंजेक्टर बहुधा ठीक आहेत. तीन शून्याजवळ आणि एक भलतीकडंच, तर संशय तिथं.

मग रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परत टाकीकडं जातं. चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि गाडी काही मिनिटं चालू ठेवायची. तीन बाटल्यांत दोन-दोन बोटं आणि चौथी गळ्यापर्यंत, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. वर मी सरमिसळ म्हणलो ती ही, एकाच गळक्या इंजेक्टरमुळं सगळ्या रेलचा दाब पडतो आणि चारही सिलिंडर उपाशी. एका ड्रिपरच्या जागी लॅटरल, म्हणजे सगळ्या रांगेची नळीच फुटल्यासारखं.

इंजेक्टरचं नाव घेणाऱ्याला एवढंच म्हणायचं, "बाटल्या लावून दाखवा." दाखवत असेल तर तो कामाचा माणूस.

अजून एक, इंजेक्टर चांगला असतो पण त्याच्या बुडाची तांब्याची वायसर गेलेली असती. तिथून चुक-चुक-चुक असा आवाज येतो आणि इंजेक्टरच्या भोवती डांबरासारखी काळी खरपूड जमती. इंजेक्टर काढला की ही वायसर नवीनच टाकायची, जुनी घासून परत बसवायची नाही. आणि बदललेल्या इंजेक्टरवर जो कोड छापलेला असतो तो बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं ईसीयूत भरावा लागतो, ते राहिलं तर नवीन इंजेक्टर टाकून पण गाडी खडखड करती आणि मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट दिला.

फवारा बरोबर आणि तरी सिलिंडर पेटत नाही, तर हवा दाबली जात नसणार. सेल्फ मारताना कान द्या, चारही कॉम्प्रेशन सारखे असतील तर घर्र-घर्र-घर्र-घर्र एकसारखं येतं, एक ढिलं असेल तर दर चौथ्याला सेल्फ पळाल्यासारखा वाटतो. मग गेज लावून कॉम्प्रेशन मोजायचं. व्हॉल्व्ह, रिंग, हेड गॅस्केट ही कामं मोठी आहेत, त्यांचा निर्णय नुसत्या कानावर घ्यायचा नसतो.

स्कॅनरला बिघाडाचा कोड आला, मग तोच पार्ट खराब ना?

नाही. कोड म्हणजे तक्रार, निकाल नाही. पी ००८७ आला तर अर्थ एवढाच की रेलमध्ये दाब कमी पडला. का पडला, ते ईसीयूला माहीत नाही. फिल्टर, हवा, पाणी, गळका इंजेक्टर, थकलेला पंप, कुणीपण असेल. माझ्या गाडीला त्या दिवशी स्कॅनर लावला असता तर बहुधा हाच कोड आला असता आणि कुणीतरी पंपच बदलला असता. पी ०३०३ आला तर तिसरं सिलिंडर मिस करतंय एवढं कळतं, आणि हा कोड त्यामानानं उपयोगी.

कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे बघायला सांगा. ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून माल भरलेली गाडी चढाला न्यायची. झटक्याच्या क्षणी मिळालेला दाब मागणीच्या खाली कोसळला तर डिझेलच्या बाजूचं दुखणं. दाब ठणठणीत आणि तरी झटका, तर डिझेल सोडून दुसरीकडं बघा, आणि तिथं पहिला संशयित म्हणजे वायर. सोयाबीनच्या दिवसांत गाडी खळ्यावर किंवा गोडाऊनशेजारी उभी राहती, उंदीर बॉनेटमध्ये मुक्काम करतो आणि वायरिंग कुरतडतो. इंजेक्टरचे कप्लर, इंजिनची अर्थ वायर, रेस पेडलचा सेन्सर हे हलवून बघायचे, हलवताना इंजिनचा आवाज बदलला की सापडलं. ब्रेक पेडलचा स्विच बिघडला तरी काही गाड्यांत ईसीयूला वाटतं ड्रायव्हरनं ब्रेक दाबलाय आणि तो डिझेल कमी करतो. उन्हाळ्यात गाडी तापली की बंद पडती, तासाभरानं थंड झाली की बिनतक्रार चालू होती, हे क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचं ठरलेलं लक्षण.

आणि झटका फक्त गाडी उठवताना, क्लच सोडतानाच येत असेल तर इंजिन बिचारं निर्दोष असू शकतं, क्लच प्लेट, प्रोपेलरचा क्रॉस, इंजिनची फाउंडेशन रबरं बघा.

धूर बघून कळत नाही का?

कळतं, पण जुन्या गाडीत जास्त. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढराच पण गोडसर वासाचा आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटची शंका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तिथं एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंख्याचा) निसटलेला होस आणि काजळीनं उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह बघायचा, जो थोडा जळका धूर परत इंजिनात सोडत असतो.

पण एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे नवीन प्रदूषण नियमाच्या डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ बसवलेला असतो, म्हणजे काजळी धरणारी जाळी. ती काळा धूर बाहेर येऊच देत नाही. त्यामुळं "धूर तर काहीच नाही" यावरून नवीन गाडीत निष्कर्ष काढता येत नाही.

मग ही जाळीच काढून टाकावी का?

हा सल्ला फुकट मिळतो, प्रत्येक ढाब्यावर. एकतर ते बेकायदा आहे. दुसरं म्हणजे जाळी चोंदली हा बऱ्याचदा परिणाम असतो, मूळ कारण गळका इंजेक्टर किंवा निसटलेला होस, आणि जाळी काढली तरी ते तिथंच. जाळीत काजळी भरली की ईसीयू जास्तीचं डिझेल देऊन धूर तापवतो आणि काजळी जाळून टाकतो, याला रिजनरेशन म्हणतात, त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग पळावी लागती. गावातल्या गावात दूध, चारा, पाण्याचे जार वाहणाऱ्या पिकअपला तशी सलग धाव मिळत नाही, रिजनरेशन अर्ध्यात तुटतं आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं.

म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, वाढलं तर खुश होतो, पण वाढलेलं ऑइल जास्त धोक्याचं. पातळी वरच्या खुणेच्या पण वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर गाडीला सेल्फ मारू नका, तिथूनच टोचन लावून गॅरेजला न्या, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग धरतात, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळायला लागतं, मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही.